चौकोनबाईंची सही

गावाबाहेरच्या त्या विमानतळाला टॉवर नव्हता. विमानतळ म्हणायचं तेही बोलायचं म्हणून. एक डांबरी धावपट्टी, तिच्या कडेने गवताचा पट्टा, विमानं ठेवायची पत्र्याची दोन हँगर, फ्लाइंग क्लबची बैठी इमारत आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी केशरी कापडाची लांब पिशवी. ती पिशवी उन्हाने इतकी विटली होती की नवखा माणूस तिला कोणाची तरी वाळत घातलेली विजार समजायचा. वर काचेच्या खोलीत बसून 'तू ये, तू थांब' असं सांगणारा कोणी नाही. ज्याने त्याने डोळे उघडे ठेवायचे, आपण कुठे आहोत ते रेडिओवर बोलायचं आणि शहाण्यासारखं उतरायचं. माणसाला शहाण्यासारखं वाग म्हटलं की तो काय करतो, हे आपण घरोघरी बघतोच. म्हणून तिथे बाई होत्या.

तोंडावर बाई, पाठीमागे चौकोनबाई. वय चौसष्ट, उंची बेताची. विमानात बसताना खाली उशी घ्यायच्या आणि त्या उशीबद्दल कोणी ब्र काढलेला त्यांना खपायचा नाही. छत्तीस वर्षं त्या क्लबात माणसांना उडायला शिकवत होत्या, आणि खरं तर उडायला कमी आणि उतरायला जास्त. उडायला काय, दगडही उडतो, असं त्यांचं म्हणणं.

नाव पडलं ते हँगरच्या फरशीवरच्या खडूच्या चौकोनावरून. नवा विद्यार्थी आला की विमान राहिलं बाजूला, आधी बाई त्याला तो चौकोन चालायला लावायच्या. चौकोनाची एक लांब बाजू म्हणजे धावपट्टी. तिच्यावरून उडालं की डावीकडे वळायचं, पुन्हा डावीकडे वळायचं, म्हणजे आपण धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने निघतो. ही दुसरी लांब बाजू, तिला डाऊनविंड म्हणतात. मग पुन्हा दोन वळणं की धावपट्टी नाकासमोर. आभाळात प्रत्येकाने हाच चौकोन धरायचा. आणि बाहेरगावाहून येणाऱ्याने? त्याने डाऊनविंडच्या मधोमध, बाहेरच्या अंगाने, तिरकं येऊन मिसळायचं. उंची आधीच चौकोनाच्या उंचीवर आणलेली, वेग आधीच आवरलेला. तिरकं का, तर तिथून अख्खा चौकोन समोर ताटासारखा दिसतो. कोण पुढे आहे, कोण मागे आहे, कोणाच्या शेपटाला लागायचं, सगळं.

मोठमोठी माणसं दोन्ही हात पसरून त्या खडूच्या रेघेवरून चालायची. बँकेचा मॅनेजर, दातांचा डॉक्टर, एकदा तर एक न्यायाधीश. बाई मधे उभ्या राहून टाळी वाजवायच्या आणि दर खेपेला त्यांच्यातल्या एकाला 'आजचा मुका' ठरवायच्या. मुक्याने काही बोलायचं नाही, नुसतं चालायचं. इतरांनी त्याला धडकायचं नाही. आभाळात रेडिओ नसलेली विमानंही असतात, बिनइंजिनाची ग्लायडर असतात, रेडिओ असून तो नीट न लावलेली तर पुष्कळच असतात. न्यायाधीश मुक्याला धडकले तेव्हा बाईंनी त्यांना परत पहिल्यापासून चालायला लावलं. ते पुढे महिनाभर आपल्या कोर्टात जरा नरमाईने वागले म्हणतात. खरं-खोटं बाईंच्या नणंदेला ठाऊक.

ही नणंद क्लबच्या इमारतीत चहाचं काउंटर सांभाळायची. गावातली कुठलीही बातमी तिच्या किटलीच्या तोटीतून गेल्याशिवाय बाहेर पडायची नाही. बाई तिला वन्सं म्हणायच्या आणि ती बाईंना वहिनी, आणि दोघींचं प्रेम इतकं की दिवसातून एकदा तरी वाजल्याशिवाय कोणाला चहा गोड लागायचा नाही.

बाई या क्लबात आल्या त्या बाविसाव्या वर्षी, शिवणाला. त्या काळी क्लबच्या विमानांच्या पंखांवर कापड असायचं आणि ते ताणून शिवायला बारीक टाक्याचा हात लागायचा. सहा महिने त्यांनी पंख शिवले आणि एक दिवस जाहीर केलं, आपण शिवलेलं वर टिकतं की नाही ते मला जाऊन बघायचंय. टिकलं. मग त्या शिकल्याच. सासूबाईंनी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी हळूच विचारलं, वरून आपलं घर दिसतं का गं? नवरा चष्मेवाला, बाजारात त्याचं दुकान. त्याने लग्नात काय वचन दिलं होतं देव जाणे, पण वर्षातून दोनदा बायकोचे डोळे तपासायचे आणि जे असेल ते खरं सांगायचं, हा नेम त्याने कधी चुकवला नाही.

बाईंना चौकोनाचं वेड काही जन्मतः नव्हतं. उडायला लागल्यावर चौथ्या वर्षी, म्हणजे अंगात वारं शिरायच्या वयात, त्या एकदा लांबून आल्या, रेडिओवर विचारलं कोणी आहे का, उत्तर आलं नाही, आणि नाकासमोर सरळ येऊन उतरल्या. विमान थांबवून खाली उतरतात तो गवताच्या पट्ट्यात फवारणीवाल्याचं पिवळं विमान धुरळ्यात उभं. शेतांवर औषध मारणारा हा माणूस. त्याच्या विमानात रेडिओ नव्हता, आजही नाही. तो आपला चौकोन धरून शेवटचं वळण घेत होता तेव्हा बाई त्याच्या डोक्यावर अवतरल्या होत्या. धावपट्टी सोडून तो गवतात पडला म्हणून दोघं वाचले. तो चालत आला. बाईंना वाटलं, आता शिव्या. त्याने शिव्या दिल्या नाहीत. डोळ्यांवरचा धुळीचा चष्मा काढला, बाईंच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "घ्या. मला काय, मी नुसता बघूनच उडतो. तुम्हाला जास्त गरज दिसते."

त्या एका वाक्याने जे झालं ते दहा पुस्तकांनी झालं नसतं. त्याच आठवड्यात हँगरच्या फरशीवर खडू फिरला.

आता अध्यक्षांकडे यायला हवं. क्लबचे अध्यक्ष म्हणजे फरशांच्या कारखान्याचे मालक. मनाने वाईट नव्हे. पण ज्याच्या तोंडावर गेल्या दहा वर्षांत कोणी 'नाही' म्हटलेलं नाही, अशा माणसाच्या चालण्यात एक प्रकारचा तोरा येतो, तो आलेला. त्यांना उडायला बाईंनीच शिकवलं होतं, आणि शिकले छान. मग त्यांनी दोन इंजिनांचं विमान घेतलं आणि माणसाच्या दारात मोटार आली की त्याची चालायची सवय जाते, तसा त्यांचा चौकोन गेला. दहा मैलांवरून ते रेडिओवर गरजायचे, सरळ येतोय, कोणी असेल तर बोला. कोणी बोललं नाही की ती त्यांना परवानगी वाटायची. आणि नाकासमोर, तीरासारखे, येऊन उतरायचे. नणंद काउंटरमागून कौतुकाने बघायची. तिचं म्हणणं, उतरावं तर असं राजासारखं, नाहीतर तुम्ही लोक, घार कोंबडीभोवती फिरते तसे फिरता.

राजा तसे सरदार. वर्षभरात निम्मा क्लब सरळ यायला लागला. सेक्रेटरीसुद्धा. हे निवृत्त पोस्टमास्तर, विमान त्यांचं टांग्याच्या चालीचं, पण तेही दहा मैलांवरून गरजायला लागले आणि मग पोहोचायला इतका वेळ लावायचे की ऐकणारे आपण काय ऐकलं होतं ते विसरून जायचे.

क्लबचा एक नियम होता. प्रत्येक उडणाऱ्या सभासदाने वर्षातून एकदा बाईंबरोबर उडायचं आणि आपल्या वहीत त्यांची सही घ्यायची. सही नसेल तर वर्षभर त्याच्यासाठी हँगर उघडायचं नाही. त्या वर्षी अध्यक्ष बाईंना शेजारी बसवून उडाले, सगळं देखणं केलं, आणि शेवटी, जसे नेहमी यायचे तसे, सरळ येऊन उतरले. उतरून पेन पुढे केलं. बाईंनी पेनाचं टोपण लावून ते परत दिलं.

"उतरणं राहिलं," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांना आधी गंमत वाटली. मग त्यांनी विचारलं की सरळ येऊ नये असं कायद्यात कुठे लिहिलंय. तर कुठेच नव्हतं. कायद्याची पुस्तकं चौकोनाची शिफारस करतात, सक्ती करत नाहीत. अध्यक्षांनी ते आधीच बघून ठेवलं होतं, कच्चं काम करणारा माणूस नव्हे तो. बाईंनी ते मान्यही केलं.

"कायद्यात नाही," त्या म्हणाल्या, "पण सही कायदा करत नाही. मी करते."

झालं. ठिणगी पडली. पुढल्या दोन आठवड्यांत अध्यक्षांनी बाईंना तीनदा विनवलं, दोनदा दरडावलं आणि एकदा फरशांचं नवं कॅटलॉग पाठवलं; म्हणे, तुमचं स्वयंपाकघर जुनं झालंय. बाईंनी कॅटलॉग दाराला अडसर म्हणून लावलं. मग कमिटीची सभा भरली आणि सेक्रेटरींनी टपालखात्याच्या भाषेत एक ठराव लिहिला, की सदर प्रशिक्षिकेने येत्या रविवारपर्यंत सदर सही न दिल्यास, तसेच सदर प्रशिक्षिकेचे वय व दृष्टी विचारात घेता, शिकवण्याच्या विमानाच्या चाव्या क्लबच्या स्वाधीन कराव्यात. वय व दृष्टी हे सेक्रेटरींनी आपल्या अकलेने घातलं होतं.

ठरावाची बातमी अर्थातच किटलीतून आधी पोहोचली. नणंद तडक घरी आली. बाई ओट्याशी अंडी फेटत होत्या, चष्मेवाला टेबलाशी बसून कोणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होता. नणंदेने एका दमात सगळं सांगितलं आणि वर सल्लाही दिला, की वहिनी, सही म्हणजे काय, शाईची एक रेघ. ती ओढायची आणि मोकळं व्हायचं. या वयात तुला दुसरं कुठलं मैदान घेणार आहे?

हे तिने बरोबर दुखऱ्या जागी ठेवलं. बाईंना दुसरं कोणी घेणार नव्हतं. चाव्या गेल्या की विमान गेलं, विद्यार्थी गेले, आणि चौसष्टाव्या वर्षी माणूस पुन्हा शिवणकाम करायला मोकळा. बाई बराच वेळ अंडी फेटत राहिल्या, इतका की त्यांचा फेस भांड्याबाहेर यायला लागला.

"वन्सं," मग त्या म्हणाल्या, "त्या माणसाने रिकाम्या आभाळाला हाक मारली आणि उत्तर आलं नाही म्हणून त्याने ठरवलं कोणी नाही. मी सही केली की हेच बरोबर, असं मी लिहून दिलं. उद्या माझ्या विद्यार्थ्याने तेच केलं तर त्याला कुठल्या तोंडाने चौकोन चालायला लावू?"

चष्मेवाल्याने काडी बसवली, चष्मा उजेडाला धरला आणि विचारलं, डोळे बघू का परत? सेक्रेटरींनी लिहिलंय ना. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने विषय मिटवला; पण जेवण झाल्यावर स्वतःहून जाऊन तक्त्यासमोर बसल्या. खालची ओळ त्यांना वाचता आली. शेवटचं अक्षर वगळता. त्याने तसं सांगितलं.

शनिवारी ठराव मंजूर करायची सभा होती. क्लबच्या खोलीत लांब टेबल, त्यावर पाण्याचे ग्लास, भिंतीवर जुन्या विमानांचे फोटो. बाई बोलावण्याआधीच येऊन बसल्या होत्या, आणि बसल्या त्याही अध्यक्षांच्या बरोबर समोर. सेक्रेटरी ठराव वाचायला उभे राहिले तशा त्या म्हणाल्या की ठराव मला पाठ आहे, माझं ऐका. उद्या रविवार. सकाळी नऊला मी अध्यक्षांच्या शेजारी परत बसते. त्यांनी पंधरा मैल लांब जावं आणि परत यावं. चाकं टेकायच्या आधी त्यांनी रेडिओवर एवढंच सांगायचं, की या घडीला मैदानाच्या आसपास आणखी किती विमानं आहेत. तुम्ही सगळे बाहेर बाकावर बसून मोजा. आकडा बरोबर आला तर मी सही करते, तिथेच. चुकला तर ठराव फाडायचा आणि यांनी वर्षभर चौकोन धरायचा.

"आणि यायचं कसं?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुमचं विमान, तुमची वाट. मी हात बांधून बसेन."

अध्यक्षांचे डोळे चांगले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. ते हसले आणि हो म्हणाले. सेक्रेटरींनी पैज कार्यवृत्तात कशी लिहायची यावर थोडी कुरकुर केली, पण लिहिली.

घरी येताना नणंद गप्प होती, म्हणजे परिस्थिती गंभीर होती. चष्मेवाल्याने मात्र नेमका प्रश्न विचारला. आणि रविवारी सकाळी आभाळ खरंच रिकामं असलं तर? तो शून्य म्हणेल आणि सरळ येऊन जिंकेल.

बाई चपला काढत होत्या. त्यांनी हाही हिशेब केलेला होता आणि त्याचं उत्तर त्यांना आवडलेलं नव्हतं. "तर सही करीन," त्या म्हणाल्या. "आणि सोमवारी चाव्या मीच नेऊन देईन. त्यांनी मागायच्या आधी."

रविवारी हवा स्वच्छ होती, नुसती क्षितिजाजवळ थोडी धुरकट. बाकावर कमिटी बसली, सेक्रेटरींच्या मांडीवर हातातला रेडिओ, नणंद चहाचा ट्रे घेऊन उभी. फवारणीवाल्याचं पिवळं विमान सकाळपासून पलीकडच्या शेतांवर होतं. तो केव्हा परत येईल हे त्याच्या औषधाच्या टाकीलाच ठाऊक. अध्यक्षांच्या विमानात बाईंनी आपली उशी ठेवली, तिच्यावर बसल्या, पट्टा बांधला आणि हात बांधले ते बांधलेच.

पंधरा मैलांवर अध्यक्षांनी विमान वळवलं आणि नाक धावपट्टीच्या रोखाने धरलं. दहा मैलांवर ते रेडिओवर गरजले, सरळ येतोय, कोणी असेल तर बोला. खरखर झाली आणि शांतता. बाईंनी मान वळवली नाही. पण त्यांना शेजारच्या माणसाचं बघणं ऐकू येत होतं म्हणा ना: डावीकडे, उजवीकडे, पुन्हा समोर. समोर काय दिसत होतं? धुरकट पट्टा, त्यात धावपट्टीची एक काडी, आणि विमानाचं स्वतःचं लांब, रंगवलेलं, महागडं नाक. नाकाखाली काय आहे ते नाकालाच माहीत.

एरवी अध्यक्षांना ही शांतता पुरायची. आज पुरेना. उत्तर आलं नाही याचा अर्थ शून्य, की एक, की तीन? आकडा सांगायचा होता, आणि तो बाकावर बसलेल्या अख्ख्या कमिटीसमोर खरा ठरायला हवा होता. नऊ मैल. त्यांनी सीट थोडी पुढे ओढली. मान उंच केली. साडेआठ. त्यांच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला आणि भुवईशी थांबला. बाईंना ते दिसलं आणि त्या क्षणी त्यांच्या मनात आलेला विचार फार धार्मिक नव्हता.

आठ मैलांवर अध्यक्ष खाकरले. म्हणाले, जरा बाजूने जाऊन बघतो.

"तुमची मर्जी," बाई म्हणाल्या.

विमान डावीकडे गेलं. लांबून, मैदानाला उजवीकडे ठेवत, अध्यक्षांनी बाहेरच्या अंगाने पुढे जाऊन मागे वळायची वाट काढली. उंची चौकोनाच्या उंचीवर आणली, कारण तिथूनच सगळं एका पातळीवर दिसतं. वेग कमी केला, कारण पळत पळत मोजता येत नाही. आणि डाऊनविंडच्या मधोमध रोख धरून तिरके आत निघाले. हे सगळं त्यांनी मोजण्यासाठी केलं. पंधरा वर्षांपूर्वी खडूच्या रेघेवरून चाललेली त्यांची पावलं त्यांना न विचारता कामाला लागली होती.

आणि ताट समोर आलं. बाईंना पहिलं दिसलं ते पिवळं, खाली, शेवटच्या वळणाआधीच्या आडव्या बाजूवर. टाकी रिकामी करून फवारणीवाला परत येत होता, मुकाट्याने, नेहमीसारखा. दुसरं ग्लायडर, पांढरं, काडीसारखं, गवताच्या पट्ट्याकडे उतरत. दोन. बाईंनी मनात दोनावर बोट ठेवलं आणि वाट बघत राहिल्या.

"एक पिवळा," अध्यक्ष म्हणाले. "एक ग्लायडर." आणि मग ते थांबले. त्यांच्या बाजूच्या खिडकीतून, खाली, डावीकडे, लांब गोदामांच्या पांढऱ्या पत्र्यांवरून एक पांढरं विमान सरकत होतं. लहान, वरती पंख असलेलं, कोणी परगावचा पाहुणा. सरळ येत होता. रेडिओवर त्याचा चकार शब्द नव्हता. नंतर कळलं की तो सगळं व्यवस्थित बोलत होता, पण पलीकडच्या मैदानाच्या चॅनलवर, पलीकडच्यांना.

अध्यक्ष त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत राहिले. त्यांच्या विमानाचे पंख खाली, त्यामुळे त्यांना पोटाखालचं दिसत नाही. पाहुण्याचे पंख वर, त्यामुळे त्याला डोक्यावरचं दिसत नाही. आठ मैलांवर ते वळले नसते, तर हा संथ माणूस आणि त्याच्यामागून वरून भरधाव येणारे ते, एकाच रेघेवर आले असते. हे गणित फरशांच्या कारखान्याच्या मालकाला करायला जड नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, अगदी हळू, "हा बरोबर त्या जागी आहे."

"हं," बाई म्हणाल्या. त्यांना आता कुठे तो दिसला होता. त्यांनी हात सोडले आणि परत बांधले.

अध्यक्षांनी डाऊनविंड लांबवली, पिवळ्याला उतरू दिलं, ग्लायडरला उतरू दिलं, पाहुण्याला उतरू दिलं. रेडिओवर सांगितलं, तीन, आणि चौथे आम्ही. आवाजात गर्जना नव्हती. मग सगळ्यांच्या मागून, शेवटी, उतरले.

बाकावरची मंडळी उठून आली. आकडा बरोबर होता. नणंदेने ट्रे ठेवून टाळ्या वाजवल्या, कोणासाठी ते तिलाही धड ठाऊक नसावं. बाईंनी विमानाच्या पंखावर वही ठेवली, पेन मागितलं आणि सही केली. शिवाय शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, चौकोनात बाजूने प्रवेश, उत्तम. अध्यक्षांनी तो शेरा दोनदा वाचला. पैज ते जिंकले होते. आपण काय जिंकलो हे त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश उमटत गेलं, आणि ते बघायला बाकावरच्या प्रत्येकाने मान लांब केली.

सेक्रेटरींना आता ठरावाची अडचण व्हायला लागली. सही तर झाली. तेव्हा सदर ठराव आपोआप निकालात निघाला असं मानून फायलीत घालावा, असं ते पुटपुटले. बाई म्हणाल्या, छे, घालायचा नाही. आत चला, वाचा, मत घ्या. मी समोर बसते.

गेले सगळे आत. सेक्रेटरींनी ठराव वाचला. 'वय व दृष्टी' आलं तिथे ते घाईने पुढे सरकत होते, पण बाईंनी थांबवलं.

"त्या शब्दांवर बोलायचंय," त्या म्हणाल्या. "मला वर दोनच दिसली. तिसरं यांना दिसलं, मला नंतर. लिहून घ्या, खाडाखोड करू नका."

दाराशी उभ्या नणंदेने कपाळाला हात लावला. हातात आलेला डाव माणूस असा टाकतो का? सेक्रेटरींचं पेन अधांतरी राहिलं.

"माझे डोळे तरुण असते तरी ते विमान त्यांच्या बाजूला होतं, माझ्या नाही," बाई पुढे म्हणाल्या. "एकाला दिसलं नाही तर दुसऱ्याला दिसावं, दुसऱ्याला नाही तर तिसऱ्याला, म्हणून सगळ्यांनी एका वाटेने यायचं. कोणाचेच डोळे पुरत नाहीत. माझे नाहीत, अध्यक्षांचेही नाहीत. आता ज्याला माझ्या चाव्या हव्यात त्याने हात वर करा. मी कुठे जात नाही, निवांत करा."

कोणी पाण्याचा ग्लास उचलला, कोणी चष्मा पुसला. चष्मा पुसणं हे काही हात वर करणं नव्हे. अध्यक्षांनी सेक्रेटरींच्या पुढ्यातला कागद ओढून घेतला, चार तुकडे केले आणि खिशात घातले, आणि म्हणाले की बाईंना जे दिसलं नाही ते मला दिसलं, एवढं मात्र कार्यवृत्तात राहू द्या. ते राहिलं. पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि सांगता यावी म्हणून दर वेळी बाजूने येऊन चौकोन धरत. बाई ती प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत. नणंदेचं मत पडलं की राजाला चौकोन शोभतो. हे तिचं मत आधीपासूनच होतं असंही ती सांगायला लागली.

पण ते पुढचं. त्या रविवारी सभा संपली, खुर्च्या सरकल्या, सेक्रेटरी वही बगलेत मारून दाराकडे निघाले. निघाले ते जरा लगबगीनेच.

"तुमची तपासणी मंगळवारी," बाई मागून म्हणाल्या. "सकाळी सात."

सेक्रेटरी वळले. मंगळवारी हवा बरी नसेल असा त्यांचा अंदाज होता, शिवाय गुडघा दुखत होता, शिवाय घरी पाहुणे यायचे होते.

"मग बुधवारी या," बाई म्हणाल्या आणि शिकवण्याच्या विमानाच्या चाव्या टेबलावरून उचलून पर्समध्ये टाकल्या. "गुरुवारी या. पण आलात की बाजूने."